फाशीची मागणी आपण करतो, तारीख मात्र दुसऱ्याची जाते

कोपर्डीपासून मस्साजोगपर्यंत आपल्या भागात जेवढे मोर्चे निघाले त्या सगळ्यांत एक फलक हमखास दिसला, आरोपींना फाशी द्या. तो राग खरा असतो, मी स्वतः अशा मोर्चात चाललेलो आहे, आणि ज्यांनी घरातली लेक किंवा घरातला कर्ता माणूस गमावलाय त्यांना शांत राहा म्हणून सांगायची माझी हिंमतही नाही आणि इच्छाही नाही. पण परभणीच्या कोर्टात क्रिमिनलची प्रॅक्टिस करताना एक गोष्ट वारंवार समोर येते आणि ती लोकांपर्यंत पोचतच नाही, म्हणून हे लिहितोय. सेशन कोर्टानं फाशी सुनावली की आपल्याला वाटतं झालं, न्याय मिळाला, कोर्टाबाहेर पेढे वाटले जातात, सरकारी वकिलांचे सत्कार होतात. खरं म्हणजे त्या दिवशी निम्मं काम सुरू होतं, आणि ते ज्या हायकोर्टावर जाऊन पडतं तिथं आपल्याच मराठवाड्यातली बाकीची हजारो माणसं आधीपासून नंबर लावून बसलेली असतात.

कायद्याचा भाग आधी सांगतो, थोडा कोरडा आहे पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. सेशन जजनं दिलेली फाशी त्याच्या एकट्याच्या सहीनं अमलात येत नाही. सीआरपीसीचं, म्हणजे फौजदारी खटले चालवायच्या जुन्या कायद्याचं कलम ३६६ आणि त्याच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या बीएनएसएसचं कलम ४०७, दोन्ही एकच सांगतात, की सगळं प्रकरण हायकोर्टाकडं पाठवायचं आणि हायकोर्टानं कन्फर्म केल्याशिवाय शिक्षा अमलात आणायची नाही. आरोपीनं अपील केलं नाही, अगदी मला जगायचंच नाही म्हणाला, तरी हायकोर्टाला हे काम टाळता येत नाही. किमान दोन जज बसावे लागतात, दोघांच्या सह्या लागतात, दोघांची मतं वेगळी पडली तर तिसऱ्या जजकडं जातं. आणि खालच्या निकालावर नजर टाकून ठीक आहे म्हणायचं असं ते नसतं, गुन्हा शाबीत झाला का इथपासून सगळा पुरावा नव्यानं वाचून स्वतःचं मत बनवावं लागतं, गरज वाटली तर आणखी पुरावा घ्यावा लागतो. गुन्हा शाबीत आहे असं ठरल्यावर मग दुसरा प्रश्न, की १९८० च्या बच्चन सिंग निकालाप्रमाणं ही केस दुर्मिळातली दुर्मिळ आहे का, हा माणूस सुधारण्याची काहीच शक्यता उरली नाही का. म्हणजे एका फाईलमध्ये दोन केसेस, आणि दोन्हींत चुकायला जागा नाही.

हे प्रत्यक्षात कसं चालतं ते बाहेरच्या माणसाला दिसत नाही. एका खुनाच्या केसचं रेकॉर्ड म्हणजे फिर्याद, घटनास्थळाचा पंचनामा, इन्क्वेस्ट म्हणजे मृतदेहाचा पंचनामा, जप्त्या, हत्यार वगैरे काढून देताना आरोपीनं दिलेलं निवेदन म्हणजे मेमोरँडम, पीएम रिपोर्ट, सीए म्हणजे केमिकल ॲनालायझरचा रिपोर्ट, डीएनए असेल तर तो, वीस-पंचवीस साक्षीदारांचे सरतपास-उलटतपास, आरोपीचा कलम ३१३ चा जबाब आणि शेवटी निकाल. आपल्याकडं साक्षी मराठीत होतात, हायकोर्ट चालतं इंग्रजीत. मग ते सगळं भाषांतर होऊन, टाईप होऊन, पानांना नंबर पडून त्याची पेपर बुकं, म्हणजे जजेस आणि वकिलांसाठी बांधलेले संच, तयार होतात, आणि पेपर बुक तयार नाही म्हणून केस पुढं सरकत नाही हे तर नेहमीचंच. पंचनामे बरेचदा हाताने लिहिलेले असतात, शाई फुटलेली, झेरॉक्स काळी पडलेली. समजा आरोपीनं कुऱ्हाड काढून दिल्याच्या पंचनाम्यावर वेळ लिहिलीय आणि तो आकडा सात आहे का नऊ हे कळेना. भाषांतर करणाऱ्यानं अंदाजानं सात लिहून चालत नाही, कारण आरोपीला अटक आठ वाजता दाखवलेली असते, म्हणजे सात असेल तर अटकेच्या आधीच त्यानं हत्यार कसं काढून दिलं हा प्रश्न उभा राहतो आणि आख्खी जप्तीच संशयात जाते. मग मूळ कागद मागवा, मूळ कागद जिल्ह्याहून येईपर्यंत थांबा, आल्यावर दोन्ही बाजूंच्या वकिलांनी परत बघा. हा एक आकडा झाला. असे शंभर कागद एका केसमध्ये असतात आणि फाशीच्या केसमध्ये त्यातला एकही कागद वरवर चाळून पुढं जाता येत नाही, जाऊही नये.

आता हे काम करणारं बेंच बघा. आपलं औरंगाबादचं खंडपीठ २७ ऑगस्ट १९८१ ला सुरू झालं. त्याआधी १९५६ ला आपण हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आलो तेव्हापासूनची पंचवीस वर्षं मराठवाड्यातल्या माणसाला हायकोर्टासाठी मुंबई गाठावी लागायची. खंडपीठासाठी आपल्या वकिलांनी, पुढाऱ्यांनी केवढी धडपड केली ती जुन्या लोकांना माहीत आहे. आज या खंडपीठाकडं मराठवाड्याचे आठ जिल्हे आहेतच, शिवाय अहिल्यानगर, जळगाव, धुळे, नंदुरबार पण आहेत, म्हणजे बारा जिल्हे. यातल्या क्रिमिनल डिव्हिजन बेंचचं, म्हणजे दोन जजेसच्या बेंचचं रोजचं काम काय, तर खुनाच्या, जन्मठेपेच्या सगळ्या अपिली, सरकारनं निर्दोष सुटण्याविरुद्ध केलेल्या अपिली, एफआयआर रद्द करा म्हणून आलेले अर्ज, ज्यात ४९८ अ चे, म्हणजे सासरच्या छळाचे तर ढीग, एमपीडीए म्हणजे झोपडपट्टीदादा-विरोधी कायद्याखालच्या स्थानबद्धतेला आव्हान, बेकायदा डांबलेल्या माणसाला हजर करा म्हणून हेबिअस कॉर्पस, कैद्यांच्या सुटीच्या म्हणजे पॅरोल-फर्लोच्या रिट. आणि यातच कन्फर्मेशन केस. मुंबई हायकोर्टाला मंजूर पदं ९४ आहेत आणि ती कधीच पूर्ण भरलेली नसतात, त्यात मुंबई, नागपूर, औरंगाबाद, गोवा आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच, एवढ्या ठिकाणी माणसं वाटायची. देशभरातल्या हायकोर्टांमध्ये मिळून साठ लाखांच्या वर केसेस पेंडिंग आहेत हा आकडा आपण पेपरात वाचतो आणि पान उलटतो.

पण त्या आकड्यातला एक माणूस मी ओळखतो म्हणून मला पान उलटता येत नाही. जिंतूरकडचे एक काका आहेत, कोरडवाहू शेती, पोरगा बांधाच्या भांडणातल्या खुनात जन्मठेपेवर हर्सूलच्या जेलात. पाच आरोपी होते, यांचा पोरगा चौथा, त्याच्या हातात काय होतं यावर साक्षीदार एकमेकांशी जुळत नाहीत. अपील दाखल आहे, जामीन फेटाळलेला आहे. काका अधूनमधून रात्रीच्या गाडीनं संभाजीनगरला जातात, सोबत भाकरी बांधलेली, हायकोर्टाच्या गेटवर पास काढतात आणि दिवसभर कोर्टाबाहेरच्या बाकावर बसतात. त्यांना किती वेळा सांगितलं की काका तुम्ही नका जाऊ, बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या केसेसची यादी, मोबाईलवर दिसतो, मी कळवतो, तर म्हणतात, साहेब, बाप दिसला तर जजसाहेब बघतील तरी. मागं एकदा त्यांचं मॅटर फायनल हिअरिंगच्या बोर्डावर आलं होतं आणि नेमकं त्याच वेळी बेंचसमोर एक फाशीची केस पार्ट हर्ड, म्हणजे अर्धी ऐकून झालेली होती. फाशीच्या केसला प्राधान्य असतं आणि असायलाच पाहिजे, तिथं माणसाचा जीव टांगलेला असतो. दुपारी काकांनी फोन केला, साहेब, आज बी नंबर लागंना, आतमधी फाशीची केस चालू हाय म्हणतेत, मग आपलं कवा? मला उत्तर देता आलं नाही. त्यानंतर बेंचचं रोस्टर, म्हणजे कुठल्या जजकडं कुठलं काम याची वाटणी बदलली, नवीन जज, नवीन बोर्ड, काकांच्या पोराचं मॅटर परत खाली गेलं.

मी फाशीच्या कैद्याला दोष देत नाहीये आणि जजेसना तर अजिबात देत नाहीये, त्यांना एका दिवसाचे दोन दिवस करता येत नाहीत. माझं म्हणणं एवढंच आहे, की खाली सुनावलेली प्रत्येक फाशी म्हणजे वरच्या कोर्टातल्या कित्येक दिवसांवर टाकलेला हक्क असतो, आणि ते दिवस काकांसारख्या लोकांच्या वाट्यातून जातात. तेव्हा फाशी मागताना आणि देताना ही किंमत समोर ठेवली पाहिजे, आणि आज ती कोणीच ठेवत नाही.

मोठं उदाहरण घ्यायचं तर मुंबईच्या लोकल बॉम्बस्फोटांचं घ्या. स्फोट जुलै २००६ चे. सप्टेंबर २०१५ मध्ये स्पेशल कोर्टानं पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली. फाशी असल्यामुळं प्रकरण कन्फर्मेशनला हायकोर्टात गेलं आणि तिथं वर्षानुवर्षं पडून राहिलं, कारण रेकॉर्ड एवढं प्रचंड की नेहमीचं बोर्ड सांभाळून कुठल्याच बेंचला ते उचलता येईना. फाशी सुनावलेल्यांपैकी एक जण २०२१ मध्ये कैदेत असतानाच वारला. शेवटी जुलै २०२४ मध्ये या एका प्रकरणासाठी खास बेंच बसवावं लागलं, सहा-एक महिने सतत सुनावणी चालली आणि २१ जुलै २०२५ ला हायकोर्टानं बाराच्या बारा जणांना निर्दोष सोडलं. सरकार सुप्रीम कोर्टात गेलंय, तिथं तो निकाल दुसऱ्या केसमध्ये दाखला म्हणून वापरायला स्थगिती आहे, अंतिम काय ते तिथं ठरेल. पण हायकोर्टाच्या वेळेच्या दृष्टीनं बघा, दोन जजेस सहा महिने एका प्रकरणाला, आणि तेही नऊ वर्षं थांबून. त्या स्फोटांत ज्यांची माणसं गेली त्यांना १९ वर्षांनी काय हातात आलं?

हा प्रकार फक्त आपल्याकडंच आहे असं नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियात फाशीची प्रत्येक केस आपोआप थेट राज्याच्या सुप्रीम कोर्टात जाते, तिथं जज सात. त्यांचे तेव्हाचे चीफ जस्टिस रोनाल्ड जॉर्ज यांनी २००७ च्या सुमारास स्वतःहून सांगितलं होतं की या अपिलींनी आमचं कोर्ट तुंबलंय, काही केसेस खालच्या अपील कोर्टांना द्या, त्यासाठी राज्यघटना बदला. ते झालं नाही. मग २०१६ मध्ये तिथल्या लोकांनी मतदान करून कायदाच आणला की फाशीच्या अपिली पाच वर्षांत निकाली काढा. पुढच्याच वर्षी कोर्टानं कायदा ठेवला पण सांगितलं की ही मुदत म्हणजे दिशा दाखवणारी, बंधनकारक नाही. दुसरं काय सांगणार होते, कागदावर पाच वर्षं लिहिल्यानं वकील, जज, रेकॉर्ड वाचायचे तास थोडेच वाढतात. तिथं जानेवारी २००६ नंतर एकही फाशी झालेली नाही आणि कैदी शेकड्यांनी पडून आहेत.

आता आपल्या जवळचं, आणि हे लिहिताना मला जड जातंय. कोपर्डीची घटना, शाळकरी मुलीवरचा बलात्कार आणि खून, १३ जुलै २०१६ ची. त्यानंतर ९ ऑगस्टला संभाजीनगरला पहिला मराठा क्रांती मोर्चा निघाला, लाखोंनी माणसं, एक घोषणा नाही, आपल्या भागानं असं कधी बघितलं नव्हतं. २९ नोव्हेंबर २०१७ ला नगरच्या सेशन कोर्टानं तिघांना फाशी दिली. म्हणजे खालचं कोर्ट दीड वर्षाच्या आत मोकळं झालं. पुढं? सप्टेंबर २०२३ मध्ये मुख्य आरोपीनं येरवड्यात गळफास घेतला, तोपर्यंत जवळपास सहा वर्षं झाली होती आणि हायकोर्टातलं प्रकरण पेंडिंगच होतं. त्या मुलीच्या आईवडिलांना हायकोर्टाचा शब्द ऐकायला मिळायच्या आधीच तो माणूस गेला. लोक म्हणतात बरं झालं. मला त्यात बरं काही दिसत नाही. ज्या शिक्षेसाठी एवढा समाज रस्त्यावर आला तिच्यावर वरचं कोर्ट सहा वर्षं बोलूच शकलं नाही, आणि त्या घरानं ती सहा वर्षं आज होईल, उद्या होईल करत काढली. जन्मठेप झाली असती तर निदान शिक्षा त्याच दिवशी लागू झाली असती आणि त्या आईला दर वेळी टीव्हीवाल्यांना फाशी कधी याचं उत्तर द्यावं लागलं नसतं.

इथं कोणीतरी म्हणणार, मग अपिलीच कमी करा, हायकोर्टाला मुदत घाला, तीन महिन्यांत निकाल द्या म्हणावं. या म्हणण्याला माझ्याकडं एकच उत्तर आहे आणि ते आपल्याच जालना जिल्ह्यातलं आहे. २००३ च्या जून महिन्यात नाशिककडं एका झोपडीवर दरोडा पडला, खून आणि बलात्कार झाले, फार भयानक गुन्हा. त्यात भोकरदनकडची भटक्या समाजातली सहा माणसं पकडली. २००६ मध्ये सेशन कोर्टानं सहाही जणांना फाशी दिली. हायकोर्टानं एका वर्षाच्या आत, मार्च २००७ मध्ये निकाल दिला, तिघांची फाशी कायम आणि तिघांना जन्मठेप. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टानं सहाही जणांना परत फाशी दिली. लोकांना हवा तसा पटापट न्याय, तीन वर्षांत तीन कोर्टं. आणि ५ मार्च २०१९ ला त्याच सुप्रीम कोर्टानं सहाही जणांना निर्दोष सोडलं, प्रत्येकी पाच लाख भरपाई द्यायला लावली, तपास करणाऱ्यांवर कारवाई करा म्हणून सांगितलं. कारण काय निघालं? वाचलेल्या बाईनं सुरुवातीलाच पोलिसांकडच्या गुन्हेगारांच्या फोटोंतून चार वेगळीच माणसं ओळखली होती, ती चौकशी पुढं नेलीच नाही आणि तो भाग कोर्टासमोर नीट आणलाच नाही. यातला एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता असं मध्येच सिद्ध झालं. सोळा वर्षं गेली त्यांची, आणि तीन कोर्टांनी फाईल वाचलेली होती. ती फाईल जर एखाद्या बेंचला निवांत, एक-एक कागद लावून वाचता आली असती तर २००७ लाच हे निघालं असतं असं मला मनापासून वाटतं. म्हणून वेळ कमी करा हे उत्तर होऊच शकत नाही. फाशीच्या केसला जेवढा वेळ लागतो तेवढा द्यावाच लागेल. मग कमी करायची ती केसेसची संख्या.

आणि ती कमी होऊ शकते, कारण खाली दिलेल्या बहुतेक फाश्या वर टिकतच नाहीत. दिल्लीच्या नॅशनल लॉ युनिव्हर्सिटीच्या सेंटर ऑन द डेथ पेनल्टीनं, ज्याला पुढं प्रोजेक्ट ३९ए म्हणू लागले, २०१६ मध्ये अहवाल काढला होता, त्यात २००० ते २०१५ मध्ये खालच्या कोर्टांनी दिलेल्या फाश्यांचं पुढं काय झालं ते तपासलंय. शेवटपर्यंत टिकल्या त्या पाच टक्क्यांहून कमी, साधारण ६५ टक्क्यांत शिक्षा कमी झाली आणि तीस टक्क्यांच्या आसपास लोक निर्दोष सुटले. त्यांच्याच आकड्यांप्रमाणं २०२३ मध्ये देशभरात १२० जणांना खालच्या कोर्टांनी फाशी सुनावली, आणि त्या वर्षी हायकोर्टांनी मिळून कन्फर्म केली एक. त्या वर्षअखेर साडेपाचशेच्या वर माणसं फाशीच्या शिक्षेखाली जेलात होती. २०१६ च्या त्या अहवालात होतं की फाशीच्या कैद्यांपैकी जवळपास तीन चतुर्थांश आर्थिकदृष्ट्या अगदी कमजोर घरातले. मला त्यात नवल वाटलं नाही, पोराच्या केससाठी शेत विकून सुद्धा धड वकील न मिळालेली माणसं रोज बघतो. म्हणजे ज्या कामात हायकोर्टाचे एवढे दिवस जातात त्यातलं बहुतेक काम हे खाली जे द्यायलाच नको होतं ते दुरुस्त करायचं काम आहे.

मग खालचे जज फाशी का देतात? सगळेच लोकांच्या दबावाखाली देतात असं म्हणणं अन्यायाचं होईल. पण एक अडचण आहे जी वकिलांना माहीत असते आणि बाहेर कुणी बोलत नाही. खुनाच्या कलमात सेशन जजसमोर दोनच शिक्षा, फाशी किंवा जन्मठेप. जन्मठेप म्हटलं की चौदा वर्षांनी सरकार माफी देऊन सोडू शकतं, आणि एखादं प्रकरण असं असतं की चौदा वर्षं फारच कमी वाटतात. मधली शिक्षा आहे, वीस वर्षं, तीस वर्षं, किंवा मरेपर्यंत माफी नाही अशी जन्मठेप. सुप्रीम कोर्टानं ती २००८ च्या स्वामी श्रद्धानंद केसपासून मान्य केलेली आहे. पण २०१५ च्या श्रीहरन निकालात पाच जजेसच्या बेंचनं सांगितलं की ही मधली शिक्षा द्यायचा अधिकार फक्त हायकोर्टाला आणि सुप्रीम कोर्टाला. म्हणजे ज्या जजनं साक्षीदार डोळ्यानं बघितले, आरोपीला वर्ष-दोन वर्षं समोर उभा बघितला, त्याच्या हातात ही शिक्षा नाही. त्याला जन्मठेप कमी वाटली की सरळ फाशीवरच जावं लागतं, मग फाईल हायकोर्टात, पेपर बुक, दोन जज, आठवडेच्या आठवडे, आणि शेवटी हायकोर्ट फाशी काढून तीच तीस वर्षं देतं. हे तीस वर्षं खालीच देता आले असते तर ते साधं अपील झालं असतं. हा अधिकार कायदा बदलून सेशन जजला द्यायला पाहिजे, यासाठी नवीन इमारत लागत नाही की नवीन पद लागत नाही, आणि गेल्या दहा वर्षांत एकाही आमदार-खासदारानं ही मागणी केलेली मी ऐकलेली नाही.

त्यांनी काय केलं तर फाशीची कलमं वाढवली. २०१८ ला बारा वर्षांखालच्या मुलीवरच्या बलात्काराला फाशी आली, सोबत दोन महिन्यांत खटला आणि सहा महिन्यांत अपील निकाली काढा अशी मुदत. आपल्या विधिमंडळानं डिसेंबर २०२१ मध्ये शक्ती विधेयक मंजूर केलं, त्यातही फाशी आणि त्यातही मुदती. सहा महिन्यांत अपील संपवणारे दोन जज कुठून आणायचे हे मात्र कुठल्याही विधेयकात लिहिलेलं नसतं. आणि लहान लेकरांच्या बाबतीत तर धोका आणखी, खुनालाही फाशी आणि त्या गुन्ह्यालाही फाशी असली तर नराधम मुलीला जिवंत कशाला सोडेल, हे मी एकटा नाही, आमच्याकडच्या कितीतरी महिला वकील बोलून दाखवतात.

दुसरं काम सरकारी वकिलांच्या बाजूला आहे. आज मोठी केस असली की तपास सुरू असतानाच मंत्री टीव्हीवर सांगून मोकळे होतात की आम्ही फाशीची मागणी करणार. मग सरकारी वकिलाला पुरावा कसाही निघो, तीच मागणी रेटावी लागते. ही मागणी कुठल्या केसमध्ये करायची याची राज्य पातळीवर लेखी, ठरलेली पद्धत पाहिजे, आणि तो निर्णय पुरावा संपल्यावर व्हावा, प्रेस कॉन्फरन्समध्ये होऊ नये. सुप्रीम कोर्टानं २०२२ च्या मनोज निकालात सांगितलंय की आरोपीची मानसिक तपासणी, जेलमधली वागणूक, घरची परिस्थिती ही माहिती खालच्या कोर्टातच गोळा झाली पाहिजे. खाली ते होत नाही, दोषी ठरवलं आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी शिक्षा सुनावली असं अजून होतं, आणि मग हायकोर्टाला तीन-चार वर्षांनी येरवड्याला, नागपूरला पत्र पाठवून प्रोबेशन ऑफिसरचा रिपोर्ट, डॉक्टरचा रिपोर्ट मागवावा लागतो. प्रत्येक रिपोर्टला तारीख. प्रत्येक तारखेला बोर्डावरचं दुसरं कोणाचं तरी मॅटर खाली.

मला एका मित्रानं, जो स्वतः वकील नाही, विचारलं की न्यायाला तू वेळेचा हिशोब कसा काय लावतोस, एका जिवाची किंमत कोर्टाच्या तासांत मोजायची का? प्रश्न बरोबर आहे. पण हिशोब मी लावला नाही, तो रोज लागतोच आहे, फक्त तो जिंतूरच्या काकांच्या पोराच्या, निर्दोष असेल तर त्याच्या आयुष्यातून वजा होतोय आणि तो कुठं लिहिला जात नाही. शिवाय ज्यांच्या घरात खून झालाय आणि आरोपी निर्दोष सुटलाय, त्यांच्या बाजूनं सरकारनं केलेली अपील सुद्धा त्याच बोर्डावर धूळ खातीय. त्या घरालाही न्याय पाहिजेच आहे, त्यांच्यासाठी मोर्चा निघाला नाही एवढाच फरक.

फाशीच पूर्ण बंद करा असं मला विचाराल तर माझं वैयक्तिक मत तेच आहे, भोकरदनच्या त्या सहा जणांनंतर माझ्या मनात त्याबद्दल शंका उरलेली नाही. पण ते होईल तेव्हा होईल, तोपर्यंत जे लगेच करता येतं ते तरी मागायला पाहिजे. जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं राज्यघटनेच्या कलम २२४ अ खालच्या अटी सैल केल्यात, क्रिमिनल अपिली ऐकण्यासाठी प्रत्येक हायकोर्टाला दोन ते पाच निवृत्त जजेस ॲड हॉक, म्हणजे तात्पुरते, घेता येतात. आपल्या खंडपीठासाठी असे जज मागा. जुन्या क्रिमिनल अपिलींसाठी वेगळं बेंच मागा, जे कन्फर्मेशनची केस आली म्हणून थांबणार नाही. भाषांतराच्या खात्यात माणसं भरा, आणि साक्ष नोंदवतानाच टाईप केलेली, स्वच्छ, वाचता येईल अशी प्रत रेकॉर्डला लावा. हे आपल्या बारा जिल्ह्यांच्या बार असोसिएशननी ठराव करून पाठवलं पाहिजे, आणि पुढच्या वेळी कुठलाही पुढारी आपल्या गावच्या मोर्चात माईक घेऊन फाशीचं आश्वासन देईल तेव्हा लोकांनी त्याला तिथंच विचारावं, की साहेब, औरंगाबाद खंडपीठात क्रिमिनलचं अजून एक बेंच तुम्ही कधी बसवणार, आणि सेशन जजला माफीशिवायची जन्मठेप द्यायचा अधिकार देणारं विधेयक कुठल्या अधिवेशनात आणणार.